गच्चीवर विज्ञानपट: कमी पैशांत बनलेले कल्ट सिनेमे कसे निवडावे, दाखवावे आणि बघावे

सात हजार डॉलर, म्हणजे २००४ सालच्या दराने तीन-सव्वातीन लाख रुपये. एवढ्या पैशात शेन कॅरुथ नावाच्या माणसाने 'प्रायमर' हा कालप्रवासावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट बनवला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका, सगळं त्याचंच. त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला. त्यात अंतराळयान नाही, स्फोट नाही, परग्रहावरचा जीव नाही. गॅरेजमध्ये बसून भराभर बोलणारे दोन इंजिनिअर आहेत आणि एक पेटी आहे.

असे कल्ट सिनेमे, म्हणजे मोजक्याच पण निस्सीम चाहत्यांनी जपलेले सिनेमे, मोबाइलवर एकट्याने बघितले की निम्मे हातातून निसटतात. ते चार माणसांत बघावेत आणि बघताना एक प्रश्न सतत डोक्यात असावा: यांचे पैसे नेमके कुठे संपले आणि तिथे यांनी काय केलं? माझ्या मते या सिनेमांची सगळी गोडी त्या जागेत आहे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात म्हणा की कारेलीबागेतल्या सोसायटीत, गच्ची किंवा एक मोठी खोली हाताशी असेल तर हा कार्यक्रम घरच्या घरी सुरू करता येतो. तो कसा करायचा, ते सांगतो.

आधी माणसं

आठ ते बारा माणसं पुरेत. जास्त झाली की मागची मंडळी बोलू लागतात आणि नंतरची चर्चा दोघातिघांतच होते. माणसं मात्र मिश्र हवीत. नाटकाचं वेड असलेले एखादे काका, युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स शिकणारं कोणी, शाळकरी मुलं, आणि शेजारच्या गुजराती मासींनाही बोलवा. विज्ञानपट म्हटलं की वडीलधारी माणसं 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' म्हणून उठू लागतात. त्यांना आग्रहाने बसवा. आता जे सिनेमे सुचवणार आहे, त्यातले काही त्यांनाच जास्त भिडतील.

दर वेळी एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधाराचं काम पाच मिनिटांचं: चित्रपट कोणी, कधी, किती पैशांत बनवला, गोष्ट कुठून सुरू होते, पात्रांची नावं काय. शेवट सांगायचा नाही. संवाद इंग्रजीत किंवा जपानीत असताना मराठीतली ही पाच मिनिटं फार कामाला येतात. नावं आणि नाती आधी कानावर पडलेली असली की सबटायटल वाचण्याचा ताण निम्मा होतो.

कोणते चित्रपट, कोणत्या क्रमाने

पहिल्या रात्री 'द मॅन फ्रॉम अर्थ' (२००७) लावा. एक प्राध्यापक गाव सोडून निघालाय, सहकारी निरोप द्यायला घरी जमलेत, आणि बोलता बोलता तो सांगतो की आपण चौदा हजार वर्षं जिवंत आहोत. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट दिवाणखान्यातलं बोलणं आहे. खर्च सुमारे दोन लाख डॉलर, चित्रण साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर. पटकथा जेरोम बिक्सबी यांची. १९९८मध्ये, मृत्यूच्या अगदी आधी, त्यांनी ती पूर्ण केली. हा चित्रपट पहिला ठेवण्याचं कारण सरळ आहे. मराठी प्रेक्षक एका सेटवर, तीन भिंतींत, बोलणाऱ्या माणसांवर दोन अंक काढायला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला आहे. विज्ञानपट म्हणजे लेझर आणि रोबो हा समज पहिल्या वीस मिनिटांतच गळून पडतो. एक काळजी घ्या: उत्तरार्धात धर्माविषयी बराच वाद आहे. ज्यांना तो खुपेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

घरात मुलं बरीच असतील तर सुरुवात 'बियाँड दि इन्फिनिट टू मिनिट्स' (२०२०) या जपानी चित्रपटाने करा. एका कॅफेच्या मालकाला आपल्या खोलीतल्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचा स्वतःच दिसू लागतो. सत्तर मिनिटांचा खेळ आहे. स्मार्टफोनवर चित्रित केलेला आणि सलग एकाच शॉटमध्ये घडल्यासारखा दिसणारा. बनवणारी युरोप किकाकू ही नाटकमंडळी आहे आणि त्यांची तालीम दर क्षणी जाणवते. एखाद्या मुलाच्या हातात घड्याळ द्या आणि दोन मिनिटं खरंच दोन मिनिटं आहेत का ते मोजायला सांगा.

दुसरी रात्र 'कोहेरन्स'ची (२०१३). आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू जातोय, दिवे जातात, आणि थोड्या अंतरावर फक्त एकाच घरात उजेड दिसतो. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट याने हा चित्रपट स्वतःच्याच घरात, पाच रात्रींत, सुमारे पन्नास हजार डॉलरमध्ये केला. नटांना पूर्ण पटकथा दिलीच नव्हती. रोज प्रत्येकाला फक्त त्याच्या पात्रापुरत्या सूचना मिळायच्या, त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ बऱ्याचदा खराच आहे. सूत्रधाराने एकच सांगावं: हातातल्या चमकणाऱ्या कांड्यांच्या रंगावर लक्ष ठेवा. हा चित्रपट खोलीत, दारं लावून, पूर्ण अंधारात बघायचा. मध्यंतर करू नका.

तिसऱ्या रात्री दोन. आधी क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२), अठ्ठावीस मिनिटांचा. तो जवळजवळ पूर्णपणे स्थिरचित्रांचा आहे, वर निवेदकाचा आवाज. फक्त एका ठिकाणी चित्र हलतं. ते कुठे, हे कोणालाही आधी सांगू नका. १९९५चा 'ट्वेल्व मंकीज' हा मोठ्या बजेटचा चित्रपट याच गोष्टीवरून उभा राहिला. त्यानंतर जॉन कार्पेंटरचा 'डार्क स्टार' (१९७४). याची सुरुवात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून झाली, आणि पुढे पैसे जमवत जमवत तो सुमारे साठ हजार डॉलरमध्ये पूर्ण झाला. यानातला परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा मोठा फुगवायचा चेंडू, खाली पंजे लावलेला. हसू येतंच, यायलाही हवं. पण त्याच चित्रपटात स्फोट करायला निघालेल्या बॉम्बशी एक अंतराळवीर ज्ञान आणि अस्तित्व यांवर वाद घालतो, आणि तो प्रसंग कमालीचा हुशार आहे. सहलेखक डॅन ओ'बॅनन याने त्या चेंडूवरून एक धडा घेतला: परग्रहवासी हसवणारा न करता भीतिदायक केला तर काय होईल? त्यातून १९७९चा 'एलियन' लिहिला गेला. ज्यांनी 'एलियन' पाहिलाय, त्यांना ही साखळी नक्की सांगा.

चौथ्या रात्री 'क्यूब' (१९९७), फक्त मोठ्यांसाठी. सुरुवातीचंच दृश्य रक्तरंजित आहे. त्यानंतर कधीही 'प्रायमर', पण तो पहिल्या महिन्यात लावू नका. तो दोनदा बघायचा चित्रपट आहे. पहिल्यांदा निम्मंच समजतं आणि मंडळींचा एकमेकांवर विश्वास बसलेला नसेल तर कोणी तसं कबूल करत नाही.

ज्यांना सबटायटल वाचणं जड जातं त्यांच्यासाठी हिंदीत आरती कडव यांचा 'कार्गो' (२०१९) आहे. मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करणारं यान, त्यावर नोकरी करणारा प्रहस्त नावाचा राक्षस, आणि जुन्या सरकारी ऑफिसात शोभतील अशी बटणं. दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' बघत मोठ्या झालेल्या पिढीला या यानात पाऊल टाकताच ओळख पटेल. पुराणातली पात्रं विज्ञानपटात आणताना ती तोंडी लावण्यापुरती वापरली जातात, हा माझा नेहमीचा आक्षेप. इथे तो लागू होत नाही. मृत्यूनंतरच्या व्यवस्थेला एक सरकारी खातं मानलं की गोष्ट आपोआप चालते.

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'विषयी स्वतंत्र सांगायला हवं. एड वुडचा हा चित्रपट १९५९मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला आणि १९८०मध्ये त्याला जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्यात आलं. बहुतेक लोक कल्ट सिनेमांची सुरुवात इथूनच करतात, जमून हसण्यासाठी. मी आग्रहाने सांगतो, तसं करू नका. पहिलीच रात्र खिदळण्यात गेली की सवय लागते आणि मग 'ला जेते'च्या वेळीही कोणीतरी शेरा मारतं. पाच-सहा चित्रपट झाल्यावर हा लावा. तोवर सगळ्यांची नजर तयार झालेली असते. बेला लुगोसी हा मुख्य नट १९५६मध्ये वारला, हाती त्याची थोडीशीच दृश्यं होती, म्हणून वुडने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचे सांधे बसवणाऱ्या वैद्याला, तोंडावर डगला धरून उभं केलं. उडत्या तबकड्या दोरीला टांगलेल्या खेळण्यातल्या मॉडेलच्या आहेत. चर्चच्या मंडळींकडून पैसे आणून, नट गेल्यावरही, या माणसाने चित्रपट पुरा केला. ते कळल्यावर बघणाऱ्यांचं हसू मवाळ होतं.

जागा, पडदा, आवाज

प्रोजेक्टर भाड्याने घेतलात तर उत्तम. विकत घेणार असाल तर खोक्यावरच्या लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, मोठमोठ्या आकड्यांवर विसंबू नका, ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले 'आन्सी लुमेन' किती ते विचारा. पूर्ण अंधारात सहा फूट रुंद चित्रासाठी तीनशे ते पाचशे आन्सी लुमेन पुरतात. दुसरा प्रश्न 'नेटिव्ह' रेझोल्यूशनचा, म्हणजे प्रोजेक्टर मुळात किती बारकावा दाखवू शकतो याचा. '१०८०पी सपोर्ट करतो' याचा अर्थ तो तेवढं दाखवतो असा होत नाही.

चादरीपेक्षा पांढऱ्या डिस्टेंपरची भिंत बरी. चादरच लावायची तर खालच्या शिवणीत पीव्हीसीचा पाइप घाला, म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फूट वर ठेवा आणि खुर्च्या असतील तर चार. कारण सबटायटल खालीच असतात. मागच्या ओळीला ती दिसली नाहीत की ती ओळ गेलीच. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सबटायटलचा आकार वाढवता येतो, रंग पिवळा करता येतो. हे सगळं माणसं यायच्या आधी तपासा.

आवाज तारेनेच जोडा. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आणि शब्द यांत किंचित अंतर पडतं आणि बोलण्यावर उभ्या असलेल्या चित्रपटात तेवढंही त्रास देतं. पोळांतल्या, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांतल्या, घरांच्या भिंती समोरासमोर असल्याने गच्चीवरचा आवाज घुमतो. मोठा एक स्पीकर लावण्यापेक्षा छोटे दोन, प्रेक्षकांच्या जवळ ठेवा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई आहे, तेव्हा चित्रपट त्याआधी संपेल असं बघा.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. नीट अंधार व्हायला आणखी पाऊण तास धरा. थंडी हाच उत्तम मोसम. नवरात्रात कोणी येणार नाही, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास गच्ची पतंगांची. मे महिन्यात भिंती रात्री नऊपर्यंत गरम असतात. पाऊस सुरू झाला की सरळ खोलीत या. पावसाळ्यानंतर झोतावर किडे जमतात, म्हणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एक दिवा लावून ठेवा, ते तिकडे जातील. थंडीत उशिरापर्यंत बसलात तर दव पडतं, प्रोजेक्टरवर छत्री धरा. खायला सेव उसळ असेल तर ती आधी उरकून घ्या. अंधारात रस्सा सतरंजीवर सांडतो. चित्रपट चालू असताना भाखरवडी पुरे.

हक्कांबद्दल थोडक्यात: स्वतःच्या घरी ओळखीच्या माणसांना दाखवणं वेगळं, आणि बोर्ड लावून, तिकीट लावून किंवा हॉल घेऊन दाखवणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. पैसे घेतले नाहीत म्हणून परवानगी नको, असं नसतं. आणि जे चित्रपट रीतसर भाड्याने किंवा विकत मिळतात ते तसेच घ्या. एवढ्या कमी पैशांत काम केलेल्यांच्या हाती तेवढी तरी रक्कम पडू दे.

बघायचं कसं

प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल द्या. चित्रपट चालू असताना दोनच गोष्टी टिपायच्या: पैसे वाचवलेले कुठे जाणवले, आणि या जगाचा नियम काय.

नियमाचं जरा खोलात सांगतो, कारण कमी पैशांचा चांगला विज्ञानपट बहुधा एकाच नियमावर उभा असतो. 'प्रायमर'मध्ये नियम असा: सहा तास मागे जायचं असेल तर त्या पेटीत सहा तास पडून राहावं लागतं. झगमगाट करून क्षणात मागे जाणं नाही. हा नियम फुकट आहे, त्याला एकही स्पेशल इफेक्ट लागत नाही. पण त्यातून केवढं काही निघतं! कालप्रवास कंटाळवाणा होतो, शरीराला थकवतो, आणि पेटीबाहेर त्याच वेळी आणखी एक तुम्ही वावरत असता. मोठ्या बजेटच्या चित्रपटात हा नियम टिकला नसता, कारण तिथे कोणीतरी क्षणात मागे जाण्याचं दृश्य मागितलंच असतं.

'क्यूब'मध्ये हजारो खोल्यांचा चक्रव्यूह आहे, आणि सेट मात्र एकाच खोलीचा, सुमारे चौदा फुटी. भिंतींची रंगीत पॅनेलं बदलली की खोली बदलली. पैसे संपल्याची जागा तीच आणि भीतीची जागाही तीच, कारण कितीही पुढे गेलं तरी पुन्हा तशीच खोली. प्रेक्षकाला सांगायचं काय, तर दारांवरचे आकडे. कोणती खोली धोक्याची हे त्यांवरून ठरतं आणि गणित येणारी मुलगी एकदम सर्वांत महत्त्वाची होते.

न दाखवण्याचं उदाहरण हवं असेल तर 'द व्हास्ट ऑफ नाइट' (२०१९) बघा. १९५०च्या दशकातलं छोटं अमेरिकी गाव, रेडिओवरचा एक तरुण आणि टेलिफोन एक्स्चेंजमधली एक मुलगी. एका ठिकाणी फोनवर एक म्हातारा आपली हकिकत सांगत असतो आणि पडदा चक्क काळा होतो. फक्त आवाज. गच्चीवर, काळोखात, हे दृश्य थिएटरपेक्षाही प्रभावी होतं. त्या वेळी कोणी मोबाइल उघडणार नाही एवढं बघा.

उलट, जिथे वस्तू दाखवायचीच आहे तिथे ती हाताने घडवलेली असेल तर नजरेला खरी वाटते. 'मून' (२००९) पन्नास लाख डॉलरचा, म्हणजे या यादीत श्रीमंत. पण चंद्रावरच्या गाड्यांसाठी त्यांनी छोटी मॉडेलं बनवून चित्रित केली. खऱ्या वस्तूवर खरा प्रकाश पडतो, खरी सावली पडते. ती सावली बघायला मुलांना सांगा.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका, दोन मिनिटं थांबा. मग कागद वाचायला सुरुवात सर्वांत लहान सदस्यापासून करा. मोठे आधी बोलले की मुलं गप्प बसतात, आणि दोरी दिसली, पडदा हलला, हे टिपणारी नजर त्यांचीच असते. शेवटी एक प्रश्न सगळ्यांना: यांना शंभर कोटी मिळाले असते तर कोणतं दृश्य बिघडलं असतं? 'प्रायमर'च्या रात्री मात्र चर्चेऐवजी जमिनीवर मोठा कागद पसरून सगळ्यांनी मिळून घटनांची कालरेषा काढा, आणि तो कागद दुसऱ्या वेळेसाठी जपून ठेवा.

आता आपला, तीन मिनिटांचा

चार-पाच रात्री झाल्या की मंडळींचे हात शिवशिवू लागतात. बडोद्यात तर त्याला परंपराच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. पुढे १९१२मध्ये, चित्रपटासाठी भांडवल मिळेना तेव्हा, त्यांनी कुंडीत मटारचं बी लावलं, महिनाभर रोज एक-एक चौकट टिपली आणि वेल भराभर वाढताना दाखवला. तो बघून पैसे द्यायला माणसं तयार झाली. भारतीय सिनेमातली ही अगदी सुरुवातीची चमत्कृती, आणि तिची किंमत एक बी आणि धीर.

हेच पहिलं काम म्हणून करा. ओल्या कापसावर मूग पसरा, मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, चार्जिंगला लावा, खिडकी झाकून फक्त ट्यूबलाइट ठेवा. फोकस आणि प्रकाश लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकेल. दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला तर दिवसाला १४४, तीन दिवसांत ४३२. सेकंदाला २४ चित्रं धरली की अठरा सेकंदांचं दृश्य मिळतं. कापूस ओला ठेवताना मुगाला हात लागू देऊ नका. जवळून घेतलेला तो मोड मूग आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. परग्रहावरचं रोपटं तयार.

मग नियम ठरवा, एकच, एका वाक्यात मावेल असा. जागा एकच, पात्रं दोन. यान लागणार असेल तर भंगारवाल्याकडचे जुने कीबोर्ड आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून सगळ्यावर एकच राखाडी रंग मारा. रंग एक झाला की वस्तू ओळखू येत नाहीत. बाहेरचं दृश्य हवं असेल तर सिंधरोटजवळची मही नदीची कोतरं, म्हणजे घळी, सकाळी लवकर, सावल्या लांब असताना बघा, दुसरा ग्रह शोधायला लांब जावं लागत नाही. रात्रीचे रिफायनरीचे दिवे सार्वजनिक रस्त्यावरून, लांबूनच घ्या. आत किंवा कुंपणाजवळ कॅमेरा नेऊ नका. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशा डोळ्यांपुढे आल्या असतील तर आधी परवानगीचा अर्ज करा.

आवाजाला चित्रापेक्षा जास्त वेळ द्या. यानाची घरघर म्हणून मध्यरात्री फ्रिजला मोबाइल टेकवून रेकॉर्ड करा आणि संगणकावर तिचा वेग निम्मा करा. दाराचा आवाज लोखंडी कपाटाचा. जे दृश्य जमत नाही, तिथे पडदा काळा ठेवून आजोबांच्या आवाजात तीन वाक्यं ऐकवा.

पुढच्या रात्री मुख्य चित्रपटाआधी ही तीन मिनिटं दाखवा. दाखवण्याआधी काहीही समजावून सांगू नका. संपल्यावर फक्त विचारा, नियम काय होता? तिघांनी तीन वेगळे नियम सांगितले तर चित्रं तशीच राहू द्या, आवाजात एक वाक्य वाढवा आणि पुन्हा दाखवा.